पंधरा न पाहिलेले चंद्र

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं होत आली आणि पत्र मात्र आज पहिल्यांदा लिहितोय. तुम्ही होतात तेव्हा पत्राची गरजच पडली नाही. रोज सकाळी संध्या उरकून मी दाना ओलीतल्या तुमच्या घरी यायचो, जिना चढायचो आणि तुम्ही वर न बघता म्हणायचात, "दत्तू, कालचं गणित तपासलंस?" एवढ्यावर आपलं सगळं बोलणं सुरू व्हायचं.

आज लिहितोय कारण मला भीती वाटते आहे. आडवळणानं कशाला सांगू? उद्या दहा वाजता भोपाळहून आलेले साहेब पुन्हा येणार आहेत आणि एका कागदावर माझी सही घेणार आहेत. कागद माझ्यासमोर आहे. टंकलेलं एकच वाक्य: या वह्यांतील सर्व वेध प्रत्यक्ष आकाश पाहून लिहिलेले आहेत, असे मी प्रमाणित करतो. खाली रिकामी रेघ आणि माझं नाव.

अण्णा, ते वाक्य खरं नाही.

दुपारचे दोन वाजलेत. तुमच्याच खोलीत, तुमच्या बैठ्या मेजापाशी बसलोय. तुमच्या वह्या तीन पेट्यांत भरून ठेवल्यात. शिसवी तुरीय यंत्र, म्हणजे आपलं ते उंची मोजायचं पाव वर्तुळ, गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवलंय. परवा हे सगळं ट्रकमधून भोपाळला जाईल. ज्योतिष दफ्तर बंद झालं. मला भूमी-अभिलेखाच्या कचेरीत घेणार म्हणतात. आकाश मोजणारा माणूस आता शेतं मोजणार!

तुम्ही गेलात तेव्हा निदान मध्य भारत तरी होता. दरबार संपला म्हणून तुम्ही हळहळला होतात, पण दफ्तरं अजून आपल्या गावात येऊन-जाऊन होती. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. तुम्ही म्हणायचात, "सरकार सूर्याकडून एवढं शिकलं हे बरं झालं, उत्तरायण-दक्षिणायन करतं!" आता तेही नाही. राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. टोपी बाजारात दोन मराठी माणसं भेटली की एकच बोलणं: तुमचं दफ्तर गेलं का? तुम्हाला कुठे टाकलं? सगळेच धास्तावलेत. पण त्यांची भीती बदलीची आहे. माझी वेगळी आहे.

साहेब काल पहिल्यांदा आले. तुम्हाला आवडले असते. वय पस्तिशीचं, गणितात एम.ए., चपला दाराबाहेर काढल्या, यंत्राला हात लावण्याआधी मला विचारलं. तुमच्या वह्या त्यांनी दोन तास पाहिल्या. चहा गार झाला तरी लक्ष नाही.

मग म्हणाले, "पंडितजी, किसी रियासत में ऐसा लगातार रिकॉर्ड नहीं मिला मुझे. हर दूज का चाँद! ये छपना चाहिए."

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तुमचं काम छापणार, अण्णा! आणि तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पिछले महीने एक और जगह के रजिस्टर देखे थे. तीन इंदराज मनगढ़ंत निकले. पूरी गड्डी रद्दी में डालनी पड़ी. क्या करें, जिसने तीन बार झूठ लिखा, उसकी बाकी बात कैसे मानें?"

त्यांनी सहज विचारलं, "इनमें तो सब देखकर ही लिखा है न?"

आणि मी म्हणालो, "जी."

एकच अक्षर, अण्णा. ते बोलताना माझी नजर तुमच्या फोटोवर होती.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो, आठवतं? जहागिरीच्या गावातली एकशिक्षकी शाळा, पाटी, पाढे आणि शनिवारी मारुतीला तेल. इंग्रजी नाही, संस्कृत संध्येपुरतं. तुम्ही विचारलंत, "येतं काय तुला?" मी म्हणालो, "औटकीपर्यंत पाढे." तुम्ही मध्येच कुठलातरी आकडा टाकलात, मी त्याची साडेतीन पट सांगितली. तुम्ही मागे वळून स्वयंपाकघरात माईंना ओरडलात, "अगं, ऐकलंस का, याला जेवायला वाढ!" माझी परीक्षा तिथेच संपली.

आकाशाचा गोल शिकवायला तुम्ही माईंचा नवा माठ घेतलात आणि त्यावर चुन्यानं रेघा ओढल्यात: हे विषुववृत्त, हे क्रांतिवृत्त, इथे दोघं भेटतात. दुसऱ्या दिवशी माईंनी त्यात पाणी भरून ठेवलं. रेघा ओघळून खाली आल्या. तुम्ही खूप वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "दत्तू, बघ, आकाशालासुद्धा पाझर फुटला." माई आतून म्हणाल्या, "फुटेल नाही तर काय! पाच माणसं तहानलेली आहेत घरात."

लोक पत्रिका घेऊन यायचे. मुलीचं लग्न कधी, मुलाला नोकरी कधी. तुम्ही सगळ्यांना तेच सांगायचात: "भविष्य पलीकडच्या गल्लीत मिळतं. इथे फक्त चंद्र मिळतो."

आणि चंद्र तुम्ही खरोखर मिळवलात. जुन्या ग्रंथांच्या कोष्टकांवरून चंद्राची जागा काढायची आणि प्रत्यक्ष आकाशात तो कुठे आहे ते बघायचं, एवढंच तुमचं जन्माचं काम. पण केवढं! दर महिन्याला शुद्ध बीजेच्या संध्याकाळी गच्चीवर जायचं. सूर्य मावळल्यावर ठरल्या पळाला चंद्राची उंची यंत्रानं मोजायची. वहीत तीन रकाने. पहिल्यात गणितानं आलेली उंची, ती दुपारीच लिहून ठेवलेली. दुसऱ्यात डोळ्यांनी दिसलेली. तिसऱ्यात अंतर. आभाळ असलं तर दुसऱ्या रकान्यात "ढग" असा एक शब्द, पुढे काही नाही.

त्या तिसऱ्या रकान्यातून तुमचा आकडा निघाला. कोष्टकातला चंद्र खऱ्या चंद्रापेक्षा बारा कला मागे आहे, अंशाचा जेमतेम पाचवा हिस्सा. बारा कला म्हणजे तिथीत एक घटका, चोवीस मिनिटं. सूर्योदयाला तिथी कोणती हे ठरवताना चोवीस मिनिटांत एकादशीची द्वादशी होते. लोक उपास सोडायच्या दिवशी उपास धरतात. तुम्ही ते तीस वर्षं सांगत राहिलात आणि दरबारातले शास्त्री म्हणत राहिले, "ऋषींपेक्षा तुमचे डोळे मोठे का?"

मग त्या डोळ्यांतच मोतीबिंदू उतरला.

किती विनवलं तुम्हाला, शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून! तुम्ही म्हणालात, "उरलंय तेही जाईल." एवढा हिशोबी माणूस, पण तिथे घाबरलात. रागावू नका, पण तुम्ही तेव्हा डॉक्टरकडे गेला असतात तर पुढचं काही झालंच नसतं. मनातल्या मनात मी हे तुम्हाला कितीदा बोललोय. मग लाज वाटते, की चूक माझी आणि दोष तुमच्या डोळ्यांना देतोय.

तेव्हापासून गच्चीवर मी एकटा जाऊ लागलो. तुम्ही जिन्याच्या तळाशी कठडा धरून उभे राहायचात. मी उतरायच्या आधीच खालून आवाज: "दिसला का रे?" आणि मी "ढग होते" म्हटलं की तुमचा चेहरा असा व्हायचा, जसं घरातलं कुणी गेलंय. त्या रात्री तुम्ही जेवायचा नाहीत. पुढचा पूर्ण महिना वाट बघायची, त्या एका संध्याकाळसाठी.

पहिली वेळ भाद्रपदातली. तुम्हाला आठ दिवस ताप होता. माई म्हणाल्या होत्या, "आज काहीतरी चांगलं सांग रे बाबा त्यांना." पश्चिमेच्या टेकड्यांवर आभाळ काळंकुट्ट. ठरलेलं पळ गेलं, वर आणखी दोन घटका थांबलो. काही नाही. खाली उतरलो. तुम्ही घोंगडी पांघरून त्याच पायरीशी.

"दिसला का रे?"

"दिसला."

"किती?"

अण्णा, तोवर मी आकड्याचा विचारच केला नव्हता! माझ्याजवळ एकच आकडा होता, दुपारी पहिल्या रकान्यात लिहिलेला, ग्रंथातला. तोच एक कला वाढवून सांगितला. ग्रंथ ऋषींचा. त्याच्या जवळ राहिलो तर निदान पाप कमी लागेल, असं त्या क्षणी वाटलं. गावच्या शाळेत शिकलेला माणूस मी. पोथीतलं ते खरं, हे माझ्या हाडात होतं. तुमच्याजवळ वीस वर्षं राहूनही ते गेलं नव्हतं.

तुम्ही बोटांवर वजाबाकी केलीत. मग म्हणालात, "अंतर एकच? यंत्र नीट टेकलं होतं ना?"

"हो, अण्णा."

"ओळंबा हलत नव्हता?"

"नाही, अण्णा."

"बरं," म्हणालात. "असेल. लिही तसं." आणि त्या दिवशी तुम्ही दोन घास जेवलात. माईंनी माझ्याकडे बघून हात जोडले.

एकदा सवय झाली की भीती कमी होते म्हणतात. माझी वाढत गेली. पण थांबता आलं नाही. पावसाळ्यात ढग, ज्येष्ठात धूळ; दोन-तीन महिने सलग कोरे गेले की तुम्ही खंगायचात, आणि मी एक चंद्र तुम्हाला आणून द्यायचो. दर वेळी ग्रंथाच्या अगदी जवळचा. कधी एक कला वर, कधी एक कला खाली.

तुम्ही सगळं आयुष्य ग्रंथ आणि आकाश यांतलं अंतर शोधलंत. आणि मी भक्तीनं, अण्णा, खरोखर भक्तीनं, त्या अंतराच्या जागी शून्य भरत गेलो.

मग ती सभा आली. संस्थानं एक झाली होती, ग्वाल्हेरची एकादशी सोमवारी आणि इंदूरची मंगळवारी, सरकारनं सुट्टी कधी द्यायची? दोन्हीकडच्या शास्त्र्यांना एकत्र बसवलं. तुम्हाला आकडा द्यायचा होता. आदल्या महिन्यात तुम्ही मला म्हणालात, "माझे जुने वेध राहू देत. उतारवयात नजर कधीपासून बिघडली कुणी सांगावं? तुझे डोळे तरुण आहेत. तुझ्या सात वर्षांचे साठ वेध घे, सरासरी काढ."

मी काढली. नऊ आली.

तेव्हा बोलायचं होतं ना! तोंड उघडलंही होतं. तुम्ही हातानं थांबवलंत आणि म्हणालात, "नऊ तर नऊ. आकाश म्हणेल ते."

सभेत तुम्ही माझा हात धरून उभे राहिलात आणि सरळ सांगितलंत, "मी तीस वर्षं बारा म्हणत होतो. आता नऊ येतात." एकानं लगेच म्हटलं, "म्हणजे शास्त्रीबुवा, तुमचा चंद्र दर वर्षी थोडा शहाणा होतोय! थांबा आणखी वीस वर्षं, ग्रंथापर्यंत येईल." सगळा मांडव हसला. मागून कुणी हिंदीत म्हणालं, "पंडितजी, चाँद नहीं, चश्मा बदलिए." पुन्हा हशा. तुम्ही माझा हात आणखी घट्ट धरलात.

परतताना टांग्यात तुम्ही एवढंच म्हणालात, "माझंच चुकत असणार, दत्तू. बारा मला हवे होते म्हणून दिसले असतील."

त्यानंतर तुम्ही वहीला हात लावला नाहीत. फाल्गुनात गेलात.

मी का गप्प राहिलो? तुमच्या पायाशी रोज बसत होतो, रोज संधी होती. वाटायचं, उद्या सांगू, ताप उतरला की सांगू, माई देवळात गेल्या की सांगू. खरं हे, की तुम्ही मला उठवून लावाल ही भीती होती. तुमच्या दारात जेवायला वाढलेला मुलगा मी. त्या दारातून बाहेर काढला गेलो तर कुठे जाणार होतो? माझ्या जागेसाठी तुमच्या बारा कला मी घालवल्या.

रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देतो तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही. त्यानं सगळं पाहिलंय. तो मावळल्यावर मी काय केलं, तेही त्याला ठाऊक असणार असं वाटतं. माझ्या आईचं श्राद्ध मी तीन वर्षं, सभेनं हसत का होईना स्वीकारलेल्या, नऊ कलांच्या पंचांगानं केलं. एका वर्षी तिथी श्राद्धाच्या वेळेला पाच मिनिटांनी हुकली होती; बारा धरल्या असत्या तर सापडली असती. आई जेवून गेली की दारातून परत गेली? माझ्यासारखी आणखी किती घरं असतील?

काल साहेब गेल्यावर मी खाली आलो. माई मटार सोलत होत्या. समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या सोलतच राहिल्या. मग हात थांबला.

"म्हणजे हे बरोबर होते?"

"मला तसं वाटतं, माई."

"वाटतं काय! बरोबर होते का नव्हते?"

"उद्या गणित करून सांगतो."

त्यांनी मटाराच्या शेंगा बाजूला सारल्या. "सभेहून आल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून निजायचे. मला वाटायचं, गुडघा दुखतो. मी तेल चोळत बसायचे, दत्तू. रोज. गुडघ्याला." मग माझ्याकडे न बघता, "ते होते तेव्हा का नाही सांगितलंस?"

मी शेंगांची टरफलं गोळा करू लागलो. त्यांनी वाट पाहिली, मग पदरानं तोंड पुसलं आणि एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, "उद्या काही बोलायचं नाही. सही कर आणि पेट्या जाऊ देत. एकदा हसले लोक त्यांना, बस झालं. आता भोपाळला नेऊन पुन्हा तमाशा नको. आकडा चुकीचा राहिला तर राहू दे, मला काही परवा नाही. नाव राहू दे."

"माई, पण चुकीचा आकडा सगळ्या राज्याच्या पंचांगात जाईल."

"जाऊ दे! राज्यानं काय केलंय त्यांच्यासाठी?"

त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. आणि साहेबांचंही चुकत नाही; ज्यानं पंधरा वेळा खोटं लिहिलं त्याचे पंचेचाळीस खरे कसे मानायचे? आणि माझ्या पंधरांमुळे तुमच्या तीस वर्षांच्या वह्यासुद्धा रद्दीत गेल्या तर? ही ती भीती, अण्णा. सही केली तर वह्या मानानं जातील, कपाटात राहतील, छापल्या जातील, आणि आत खोटा आकडा. नाही केली, तर कदाचित दाल बाजारात मसाल्याच्या पुड्यांवर तुमचे चंद्र सापडतील. काल संध्याकाळी तिथून जाताना एका दुकानदारानं हळद बांधून दिली आणि मी तो कागद उलटून बघितला. कसलं तरी बिल होतं. पण बघितला.

आज सकाळी संध्या करून इथे आलो, दार लावलं, वही उघडली. साठांतून माझे ते पंधरा बाजूला काढले. उरलेल्या पंचेचाळीसांची बेरीज केली, भागाकार केला. मग दुसऱ्या कागदावर केला. मग औटकी म्हणून दाखवणाऱ्या त्या मुलासारखा पाटीवर केला.

बारा, अण्णा!

तीनही वेळा बारा. तुमचे डोळे चुकले नव्हते. तुम्हाला हवे होते म्हणून दिसले नव्हते. तुमचा आकडा आणि माझ्या खऱ्या संध्याकाळींचा आकडा एकच आहे. मी इतका वेळ रडलो की माई जिन्याखालून म्हणाल्या, "दत्तू, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, माई, डोळ्यांत धूळ." बघा, अजून खोटं बोलतोय!

पण रडून झाल्यावर मी लाल शाईची दौत काढली. दौतीत बोरू बुडवला, पहिला थेंब मेजावरच पडला. मग एकेक पान उघडलं आणि त्या त्या नोंदीच्या दुसऱ्या रकान्यावर रेघ मारून समासात लिहिलं: "हा चंद्र पाहिलेला नाही. दत्तात्रेय." भाद्रपद. मग पुढचा ज्येष्ठ. मग दोन आषाढ. प्रत्येक संध्याकाळ आठवत होती. कुठल्या बाजूनं ढग आले, माईंनी काय रांधलं होतं, तुम्ही कुठल्या पायरीशी होतात. चौदा झाले. शाई वाळली. आता ती पुसता यायची नाही. म्हणजे सही करायचा रस्ताही बंद झाला. तो मीच बंद केला, कारण उघडा राहिला असता तर उद्या दहा वाजता मी त्याच रस्त्यानं गेलो असतो. मी स्वतःला ओळखतो.

पंधराव्याशी अडलोय. कार्तिकातला आहे. अंतर तीन कला. तीन! इतकं मी कधी बनवून लिहिलं नाही; खरे सगळे दहाच्या वर आहेत. त्या संध्याकाळी मी गच्चीवर होतो हे आठवतं. पातळ ढग होते हे आठवतं. चंद्र दिसला का? डोळे मिटून किती बघितलं. कधी दिसतो, कधी नाही. खोटं इतकं बोललो की माझी स्वतःची आठवणसुद्धा आता साक्ष द्यायला तयार नाही. याचंच मला सगळ्यांत भय वाटलं, साहेबांहून आणि माईंहूनही.

तो सरासरीत धरला काय न धरला काय, बारा हलत नाहीत. सोडून दिला तर कुणाला कळणार नाही. साहेबांना चौदा सांगणं पंधरांपेक्षा सोपं आहे, आणि "आठवत नाही" सांगणं सगळ्यांत अवघड. ज्याला आठवत नाही त्याचं बाकीचं तरी खरं कशावरून, असं ते विचारतील. विचारायलाच हवं. तुम्ही त्यांच्या जागी असतात तर तुम्हीही विचारलं असतं.

आता चार वाजत आलेत. खाली कप-बश्यांचा आवाज येतोय, माई उठल्या.

अण्णा, तुम्हाला वचन देतो. हे पत्र संपलं की खाली जाईन आणि माईंना पहिल्यांदा बारा सांगेन, मग हे सांगेन की उद्या मी त्यांचं ऐकणार नाही. त्या मला बाहेर काढतील तर जाईन. जे तुमच्या हातून व्हायला हवं होतं ते त्यांच्या हातून होईल. साहेबांचा कागद कोरा परत देईन आणि वही त्यांच्यापुढे उघडी ठेवीन. त्यांनी मला खोटारडा म्हटलं तर होय म्हणीन. फक्त एवढंच मागेन, की तुमच्या अक्षरातल्या वह्या वेगळ्या आणि माझ्या अक्षरातल्या वेगळ्या बांधाव्यात. माझ्या टाकायच्या असतील तर टाकाव्यात. तुमचे बारा तुमच्या वह्यांवर उभे आहेत, त्यांना माझी गरज नाही.

आणि उठायच्या आधी, आत्ता, ही ओळ लिहितानाच, मी पंधराव्याच्या समासात लाल शाईनं लिहितोय: "पाहिला की नाही, सांगता येत नाही."

लिहिलं, अण्णा.

तुमचा,
दत्तू